दहावी ते पहिला पगार : आदिवासी मुलींच्या शिक्षणात मदत नेमकी कुठे करायची

आदिवासी भागात मुलींच्या शिक्षणासाठी काही करायचं म्हटलं की लोक वह्या वाटतात. जूनमध्ये वह्या, डिसेंबरात स्वेटर, मार्चमध्ये महिला दिनाचं भाषण. यात वाईट काही नाही, पण केवळ वही नाही म्हणून शाळा सुटलेली मुलगी मला अजून भेटायची आहे. मुली गळतात त्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. पाड्यावरची शाळा चौथी-पाचवीला संपते तिथे, मग सातवी-आठवीनंतर, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दहावीच्या निकालानंतर. त्या दिवसांत मुलगी कुठल्याच शाळेच्या पटावर नसते, त्यामुळे तिला शोधत कुठलाही शिक्षक येत नाही. घरात काम मात्र असतं आणि एखादं स्थळही आलेलं असतं.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींच्या पुरुषांची साक्षरता 74 टक्के होती आणि बायकांची 57. त्यानंतर शाळेत नाव नसलेल्या मुली कमी झाल्या आहेत. आता अडतं ते पुढे नेण्यात. म्हणून हा लेख पाड्यावर काम करणारे शिक्षक, बचत गटातल्या ताया, ग्रामसभेची मंडळी आणि शहरातून येऊन काही करू बघणारे यांच्यासाठी, क्रमाने काय करायचं ते सांगणारा. योजना आणि नियम महाराष्ट्रातले आहेत.

आधी यादी

एका पाड्यावरच्या, फार तर एका ग्रामपंचायतीतल्या, दहा ते वीस वयाच्या सगळ्या मुलींची नावं वहीत लिहा. शाळेच्या पटावरून उतरवू नका, घरोघर जा. प्रत्येकीसमोर चार गोष्टी हव्यात : कितवीत आहे, राहते कुठे (घरी, आश्रमशाळेत, मामाकडे), घरचे दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात का, आणि घरात सांभाळायला लहान भावंडं किती. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना यातलं निम्मं तोंडपाठ असतं. त्यांना सोबत घेतलं नाही तर यादी अर्धवट राहते आणि त्यांचा रुसवाही ओढवतो.

स्थलांतराचा रकाना नीट भरा. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. नाशिक-नंदुरबारकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि खर्चही झालेली असते. दिवाळीत जाऊन ‘मुलीला नेऊ नका’ सांगण्यात अर्थ उरत नाही. हे बोलणं गणपतीच्या आधी व्हायला हवं, आणि सोबत मुलगी मागे कुणाकडे राहील याचं उत्तर हवं : आजी, हंगामी वसतिगृह, किंवा आश्रमशाळेत प्रवेश. ती जाणारच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या. जिथे जाईल तिथल्या शाळेने तिला बसवून घ्यायचं असतं. आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना एक फोन केला तर काम लवकर होतं.

घरच्यांशी बोलताना

‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ हे वाक्य पाड्यावर उच्चारू नका. भिंतीवर लिहिलेलं सगळ्यांनी वाचलेलं आहे. आईचा हिशेब वेगळा असतो. मुलगी शाळेत गेली तर पाणी कोण आणणार, धाकट्याला कोण घेणार, शेळ्यांमागे कोण जाणार? या प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ.

आदिवासी भागात बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार आधी कळलं होतं. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ, म्हणून बालवाडी वस्तीच्या अंगणात भरू लागली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आजच्या भाषेत सांगायचं तर पाड्यावरची अंगणवाडी वेळेवर उघडली की कडेवर भाऊ घेऊन बसलेली पाचवीतली बहीण मोकळी होते. मुलींच्या शिक्षणासाठी काय करू, असं कुणी विचारलं तर मी आधी अंगणवाडीची वेळ बघायला सांगते.

आणखी एक. इथे हुंड्याचं व्याख्यान देऊ नका. बऱ्याच जमातींत मुलाकडचेच मुलीच्या घरी देज देतात. मुलगी ओझं नसते, ती घरातली कमावती असते, आणि नेमकं म्हणूनच तिला सोडणं जड जातं. बाहेरून आलेल्या माणसाला हे समजलं नाही तर तो चुकीच्या घरात चुकीचं भांडत बसतो.

कागद : नववीतच सुरुवात

सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. आश्रमशाळेतल्या कुठल्याही वर्गात जन्मतारखा विचारा, निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जून निघेल. प्रवेश देताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, इतकंच. आधारवर मात्र भलतंच साल असतं. नावाचंही तसंच. शाळेत ‘सुनीता’, आधारवर ‘सुनिता’. शाळेत वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं टोपणनाव. ऑनलाइन अर्जात अशा एका वेलांटीवर वर्ष अडकतं.

म्हणून नववीच्या दिवाळीत प्रत्येक मुलीचे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा : शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, आधार, बँकेचं पासबुक. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. फरक दिसला की शाळेतली दुरुस्ती दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी करून घ्या. मुलगी शाळेतून बाहेर पडली की हीच दुरुस्ती कैक पटींनी अवघड होते. आधार त्यानंतर शाळेच्या नोंदीप्रमाणे बदलून घ्यायचं.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख महत्त्वाची. त्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला नसतोच, कारण आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा, फेरफार असं शोधायचं. हे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं आणि तिथे दोन-चार खेपा धरून चालायचं. शाळेच्या रजिस्टरमध्ये जमातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं असेल तर तेही आताच निस्तरा. जमातीचं नाव अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत आहे तसंच यायला हवं. यादीत ‘काथोडी, कातकरी’ एकाच नोंदीत आहेत, ‘पावरा’ भिल्लांच्या नोंदीत आहे. पण दाखल्यावर एक आणि रजिस्टरवर दुसरं असलं की शंका काढणारा माणूस भेटतोच. मुलीचं लग्न झालेलं असलं तरी दाखला वडिलांकडच्या पुराव्यावर, हे सासरच्यांना समजावून सांगावं लागतं.

जात पडताळणी, म्हणजे सगळे म्हणतात ती व्हॅलिडिटी, बारावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना लागते. अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला कॉलेजमार्फत टाका, प्रवेशाच्या महिन्यात धावू नका. काका, आत्या, सख्खा भाऊ, वडिलांकडच्या कुणाकडेही आधीची व्हॅलिडिटी असेल तर ती जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. एका घरात एकीची झाली की तिच्या झेरॉक्सच्या दहा प्रती काढून भावकीत वाटून ठेवा.

याशिवाय उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. खातं आधारशी ‘लिंक’ असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात वळण्यासाठी आधार ‘सीडिंग’ होणं वेगळं. बँकेत जाऊन फॉर्मवर डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग असं स्पष्ट लिहून द्या. पैसे सर्वांत शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात. मधल्या काळात कुणी तिच्या अंगठ्यावर दुसरं खातं उघडलं असेल तर शिष्यवृत्ती तिकडे जाते आणि इकडे ‘आलीच नाही’ म्हणून सगळे कार्यालयाला बोल लावतात.

सगळ्या कागदांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून मुलीकडे द्या. तुमच्याकडे फक्त फोटो ठेवा. मूळ कागद संस्थेच्या कपाटात ठेवायची सवय चांगली नाही.

निकाल लागला की

सातपुड्यात होळी मोठी, आणि बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच सुमाराला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला घरी गेलेली मुलगी पुढच्या पेपरला परत येईल ना, हे शिक्षकांनी आधीच बोलून ठेवायला हवं. सणाला जाऊ नको म्हणणं योग्य नाही आणि कुणी ऐकतही नाही. परतीच्या गाडीची सोय करा.

निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलींकडे आधी जा, पास झालेल्या आठवडाभर थांबू शकतात. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेश मिळतो. ही गोष्ट घरी कुणाला माहीत नसते आणि ‘नापास’ ऐकताच दप्तर माळ्यावर जातं. गणित आणि इंग्रजी हेच बहुधा राहतात. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा, पाड्यावरच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला महिनाभर शिकवायला बसवा आणि तिला त्याचे पैसे द्या. फुकट काम मुलींकडूनच का करून घ्यायचं?

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. म्हणजे मोबाइल नंबर आणि ओटीपी आला. वडिलांचा नंबर दिला आणि वडील भट्टीवर रेंजच्या बाहेर, तर पसंतीक्रम भरायचा दिवस निघून जातो. नंबर असा द्या की तो फोन त्या महिनाभर गावात असेल. पसंतीक्रम भरताना आधी वसतिगृह कुठल्या गावात आहे ते बघा, मग कॉलेज निवडा. उलट केलं की प्रवेश मिळतो आणि राहायला जागा नसते.

शाखा निवडताना माझं मत थोडं आग्रही आहे. मुलीला दहावीत विज्ञान बरं जमलं असेल आणि पुढे नर्सिंगचा विचार असेल तर विज्ञान घ्यावं, पण कॉलेजात प्रयोगशाळा आणि शिकवणारे खरंच आहेत का ते तिथल्या बारावीतल्या मुलींना विचारून. कागदावर विज्ञान शाखा असलेली, वर्षभर फिजिक्सचा तास न होणारी कॉलेजं आहेत. तिथे टाकण्यापेक्षा कला शाखा बरी.

वसतिगृहात टिकणं

राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे 500 आणि अनुदानित त्याहून थोड्या जास्त. पण अकरावी-बारावी थोड्याच ठिकाणी. त्यामुळे दहावीनंतर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आदिवासी विकास विभागाचं मुलींचं वसतिगृह हाच बहुतेकींचा आधार. अर्ज ऑनलाइन, निवड त्याच विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडून. अर्जाची प्रत घेऊन प्रकल्प कार्यालयात एकदा समक्ष जाऊन या.

पहिले सहा आठवडे नाजूक. घरी गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणारी मुलगी शहरात मराठी अडखळत बोलते आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसतं. त्याच पाड्यावरची किंवा त्याच भाषेची वरच्या वर्गातली मुलगी त्याच वसतिगृहात असेल तर अर्धी लढाई जिंकली. शक्यतो दोघी-तिघींना एकाच ठिकाणी पाठवा. दर रविवारी फोन करा आणि ‘अभ्यास कसा चाललाय’ हा प्रश्न सोडून बाकी काहीही विचारा : जेवण, पाणी, झोप, मैत्रिणी.

सिकलसेलची तपासणी जाण्याआधी करून घ्या. अनेक आदिवासी जमातींत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सांधे आणि पाठ असह्य दुखणं, पटकन थकवा येणं, ही लक्षणं माहीत नसली की मुलगी कामचुकार ठरते. रुग्ण असेल तर तिचं कार्ड गृहपालांना दाखवा, पाणी भरपूर प्यायला हवं, थंडीत गार पाण्याची अंघोळ टाळायला हवी आणि दुखणं सुरू झालं की दवाखान्यात न्यायला उशीर नको, हे समक्ष सांगा. ती नुसती वाहक असेल तर आजारी नाही, हेही सांगायला विसरू नका. नाहीतर ‘सिकलसेलवाली’ असं नाव पडतं.

सुरक्षिततेबाबत मुलीला तीन नंबर पाठ हवेत : 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन), 112 (पोलीस आणि तातडीची मदत) आणि तुमचा. कुणी अंगचटीला आलं, गृहपालच दबाव टाकत असेल, तर आधी कुणाला सांगायचं हे घरून निघतानाच ठरलेलं असावं. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. ‘शाळेची बदनामी होईल’ हे कारण चालत नाही. सुट्टीवरून परतलेल्या मुलींना सरसकट गर्भचाचणी करायला लावली जात असेल तर लेखी विरोध करा आणि पत्राची प्रत प्रकल्प अधिकारी व राज्य महिला आयोगाला पाठवा.

पैसे उशिरा येतात, हे धरून चाला

अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. व्यावसायिक अभ्यासक्रमात हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही. एजंट हे सांगत नाहीत. बारावीनंतर वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवण्याचा खर्च थेट खात्यात येतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजारांपर्यंत, लहान गावांत कमी. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत, आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस जिथे धावतात तिथे त्याही.

पण यातले बरेच पैसे हप्त्यांनी आणि वर्ष निम्मं सरल्यावर येतात. जुलैत खोलीचं डिपॉझिट, डबा, पुस्तकं, गणवेश यांना रोख लागते. मुलगी घरी परत येते ती अनेकदा पाच-सात हजारांपायी. बाहेरून मदत करू इच्छिणाऱ्यांनी पैसा इथे घालावा. गावातल्या बचत गटाकडे एक फिरता निधी ठेवा. मुलीला जुलैत बिनव्याजी उसने द्यायचे, शिष्यवृत्ती आली की तिने परत करायचे, पुढच्या वर्षी दुसरीला. नोंद गटाच्या वहीत, सही आईची आणि मुलीची. दान म्हणून दिलेले पैसे संपतात, आणि देणाऱ्याच्या फोटोत मुलीला उभं राहावं लागतं ते वेगळंच.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, गावांना आदिवासी विकासाच्या पैशातला पाच टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा) निधी थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्यातला एक भाग आहे. पाड्यावर दिवा असलेली अभ्यासाची खोली, शाळेत मुलींचं चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, ही मागणी ग्रामसभेत ठराव करून मांडा. आधी महिलांची सभा घ्या, तिथे ठरवा, मग मोठ्या सभेत जा.

बारावीनंतर

मुलींना माहीत असलेली कामं तीनच असतात : शाळेतली बाई, सिस्टर, पोलीस. बाकीची दाखवायला हवीत, पण या तिन्हींची वाटही नीट कुणी सांगत नाही.

नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. बीएस्सीला बारावी विज्ञान लागतंच. तालुक्याच्या गावात ‘एक वर्षात नर्स’ असे फलक दिसतात. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हे स्वतः तपासा. यादीत नसेल तर त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही आणि मुलगी खासगी दवाखान्यात किरकोळ पगारावर वर्षानुवर्षं राबते. असे फसलेले पालक प्रत्येक तालुक्यात भेटतात, त्यांच्याशी मुलींची गाठ घालून द्या.

पोलीस भरतीला बारावी, 155 सेंटीमीटर उंची, मग मैदानी आणि लेखी. मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. आधी उंची मोजा, मग स्वप्न दाखवा. डोंगर चढउतर केलेल्या मुली धावण्यात मागे पडत नाहीत. गोळाफेक आणि लेखी परीक्षेवर मेहनत घ्यावी लागते.

अंगणवाडी सेविकेच्या पदाला आता बारावी लागते आणि उमेदवार त्याच गावची हवी. दहावीवर थांबलेल्या मुलीला समजावताना हे उदाहरण चालतं, कारण जागा डोळ्यांसमोर असते. अनुसूचित क्षेत्रात तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, शिक्षक, वनरक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरण्याची राज्यपालांची अधिसूचना 2014 ची आहे. मधे भरती न्यायालयात अडकली होती. त्यामुळे केवळ भरतीच्या आशेवर तीन वर्षं घरी बसवू नका. आयटीआय, पॉलिटेक्निक यांना दहावी पुरते, आणि इलेक्ट्रिशियन मुलगी असू शकते. शिवणकामाच्या पलीकडे बघा. दर दिवाळीच्या सुट्टीत गावातल्याच, बाहेर शिकणाऱ्या किंवा कमावणाऱ्या मुलीला तासभर बोलायला बसवा. तिने पगार किती, खोलीचं भाडं किती, एकटीला भीती वाटते का, हे सांगावं. पाहुण्या साहेबांपेक्षा तिचं ऐकलं जातं.

लग्न आडवं आलं तर

अठराच्या आत लग्न ठरत असेल तर गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. 1098 वरही कळवता येतं. झालेला बालविवाह मुलीला अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयातून रद्द करून घेता येतो. पण आदिवासी भागात अनेकदा आईबाप लग्न लावत नसतात, पोरं स्वतःच पळून जातात. तिथे पोलिसांची धमकी दिली की मुलगी दवाखान्यातही येत नाही आणि बाळंतपण घरात होतं. तेव्हा आधी तिचा जीव, तिची तपासणी, मग बाकीचं.

लग्न झालं, मूल झालं म्हणजे शिक्षण संपलं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं, पुढे मुक्त विद्यापीठ आहे. तुमच्या वहीतून तिचं नाव खोडू नका. परीक्षेच्या दिवशी बाळाला घेऊन केंद्राबाहेर बसणारी एक बाई लागते, तेवढी व्यवस्था करा.

आणि ज्या गावातच राहतात त्या

सगळ्यांनी शहरात जावं असं नाही. गावात राहणाऱ्या मुलीसाठी जमिनीचा कागद पदवीइतकाच कामाचा. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे वडिलांच्या जमिनीत मुलीचं नाव बऱ्याचदा लागतच नाही. वनहक्क कायद्यातला पट्टा मात्र नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो, आणि एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावे. पट्ट्यावर आईचं नाव खरंच आहे का, ते मुलीला वाचायला सांगा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज तिच्याच हातून लिहून घ्या, वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घ्या.